संवेदक-जाळ्यातील भाराचा तोल : वसई-विरारच्या भूगोलातून एक विचार

उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर अशी वसई-विरारची चतुःसीमा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेकडे उतरताना त्यातील बऱ्याचशा पाण्याला उत्तर-दक्षिण धावणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या भरावाखालील मोजक्या मोऱ्यांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओलांडल्यावरही मिठागरे, बुजत चाललेली बावखले म्हणजे जुनी तळी, सखल भागात उठलेल्या वसाहती आणि उलट चढून येणारी भरती यांच्याशी त्याची गाठ पडते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या, लांब पल्ल्याच्या गाडीत अडकलेल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बाहेर काढावे लागले आणि मिठागरांतील मजूर कुटुंबे पाण्याने वेढली गेली. अशा प्रसंगानंतर होणारी चर्चा नाल्यांची रुंदी, भराव आणि अतिक्रमणे यांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पाणी कोठे, किती वेगाने चढत आहे हे वेळेवर कळावे कसे, हा त्याच चर्चेचा दुसरा भाग सहसा मागे पडतो. प्रस्तुत व्याख्यान या दुसऱ्या भागातील एकाच तांत्रिक प्रश्नापुरते मर्यादित आहे. पाण्याची पातळी मोजणारी अनेक लहान उपकरणे एकमेकांच्या साहाय्याने आपली माहिती पुढे पोहोचवीत असतील, तर त्या वाहतुकीचा भार त्यांच्यात कसा पडतो आणि तो तोलून कसा धरावा, हा तो प्रश्न होय.

संवेदक म्हणजे तापमान, पाण्याची पातळी, क्षारता, कंप यांसारखी एखादी भौतिक राशी मोजून तिचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारे साधन. त्याला एक छोटा संगणक, एक रेडिओ आणि एक बॅटरी जोडली की जे उपकरण तयार होते त्याला नोड म्हणतात, आणि असे अनेक नोड रेडिओने एकमेकांशी जोडले गेले की संवेदक-जाळे तयार होते. जाळ्यातील सर्व माहिती जेथे गोळा होऊन पुढे इंटरनेटवर जाते त्या ठिकाणाला गेटवे असे नाव आहे. नोडच्या रेडिओचा पल्ला तोकडा असल्यामुळे दूरचा नोड आपला संदेश शेजाऱ्याच्या हाती देतो, शेजारी तो पुढच्याच्या हाती देतो आणि असे टप्पे घेत तो गेटवेपर्यंत पोहोचतो. प्रत्येक नोडला त्यामुळे दोन कामे करावी लागतात, स्वतःचे मोजमाप कळविणे आणि इतरांचे मोजमाप वाहून नेणे. यांपैकी दुसरे काम पहिल्याच्या कितीतरी पट मोठे होऊ शकते.

प्रत्येक नोडमध्ये मोबाइलचे सिमकार्ड घालून हा सारा व्याप टाळता येणार नाही का, अशी शंका येथे रास्त आहे, आणि मोजकी, मोठी केंद्रे उभारायची असतील तर तो मार्ग उत्तमच ठरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याची नोंद शंभरीच्या खालीच राहिली. एकाच शहराच्या दोन टोकांना इतका फरक पडत असेल तर दोन वेधशाळांवर विसंबून भागत नाही, हा धडा घेऊन मुंबईत स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले, आणि १२ जून २०२० रोजी सुरू झालेल्या ‘आयफ्लोज-मुंबई’ या पूर-इशारा प्रणालीलाही अशाच मोजमापांचा आधार आहे. मात्र पर्जन्यमापक काही चौरस किलोमीटरला एक पुरतो. नाल्यातील पाण्याचे तसे नाही. मोरीच्या एका तोंडाला पाणी तुंबलेले आणि दुसऱ्या तोंडाला नाला निम्मा रिकामा, अशी स्थिती भरावाच्या दोन बाजूंना असू शकते, आणि ती टिपायची तर नोड शेकडोंनी, स्वस्त आणि वीजजोडणीवाचून चालणारे हवेत. त्यातच पुराच्या वेळी वीज गेली आणि मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरल्या की सिमकार्डावर चालणारी सगळीच उपकरणे एकदम मुकी होण्याचा धोका असतो. टप्प्याटप्प्याने संदेश नेणाऱ्या जाळ्याची गरज येथून सुरू होते.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा अगदी नवी नाही. कोकण रेल्वेवर जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे भीषण अपघात झाला, त्यानंतरच्या काळात आयआयटी मुंबईतील संशोधकांनी डोंगरउतारावरील खडकांचा ताण मोजून दरडीची पूर्वसूचना देणाऱ्या संवेदक-जाळ्याची कल्पना मांडून तिच्यावर प्रयोग केले. त्याच संस्थेतील ‘अ‍ॅग्रिसेन्स’ या प्रकल्पाने नाशिकच्या द्राक्षबागेत हवामान व मातीतील ओलावा मोजणारे नोड बसविले. द्राक्षबाग आणि दरडीचा उतार यांत भार-विचाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. बागेतील ओल सावकाश बदलते आणि एखादी नोंद तासाभराने पोहोचली तरी बिघडत नाही, तर दरडीच्या उतारावर महिनोन्‌महिने काहीच घडत नाही आणि मग काही मिनिटांत सर्व नोडना एकाच वेळी बोलायचे असते. वसईत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. पश्चिम पट्ट्यातील केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधील विहिरींचे पाणी कितपत खारावले हे पाहायचे असेल तर दिवसाला एक-दोन नोंदी पुरतात; नालासोपाऱ्याच्या नाल्याला ते प्रमाण मुळीच चालणार नाही.

भार कसा साचतो हे समजण्यासाठी आधी सर्वांत सोपी रचना घ्यावी. मध्यभागी गेटवे, त्याभोवती सारख्या रुंदीची पाच वर्तुळाकार कडी, आणि सर्वत्र सारख्या दाटीने पेरलेले नोड असे मानले, तर प्रत्येक कड्याला आपल्या बाहेरच्या सर्व कड्यांची माहिती पुढे न्यावी लागते. कड्यांची क्षेत्रफळे आतून बाहेर १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात वाढत असल्यामुळे सर्वांत बाहेरच्या कड्यातील नोडला एका फेरीत केवळ स्वतःचा एक संदेश पाठवावा लागतो, चौथ्या कड्यातील नोडला सरासरी सव्वादोनहून थोडे जास्त, तिसऱ्यातील नोडला सुमारे चार, दुसऱ्यातील नोडला आठ, आणि गेटवेला खेटून असलेल्या पहिल्या कड्यातील नोडला पंचवीस. पहिले कडे थकले की बाहेरचे नोड जिवंत असूनही त्यांची वाट तुटते. ही अवस्था शास्त्रीय वाङ्मयात ‘ऊर्जा-विवर’ या अर्थाच्या संज्ञेने ओळखली जाते, आणि अशा वेळी जाळ्यातील बहुतांश ऊर्जा बाहेरच्या बॅटऱ्यांमध्ये न वापरता पडून राहते. सरासरी आयुष्य हा निकष म्हणूनच फसवा आहे, कारण जाळे सर्वांत दमलेल्या नोडबरोबर संपते आणि बाकीच्यांची श्रीमंती त्याच्या कामी येत नाही.

वसईत हे वर्तुळ अस्तित्वातच नाही. येथील नोड नाल्याच्या काठाने बसणार, म्हणजे त्यांची माळ होणार, आणि माळेत भार आणखी उघडपणे दिसतो. डोंगराच्या पायथ्यापासून रेल्वेच्या मोरीपर्यंत दहा नोडांची माळ असून गेटवे मोरीपाशी आहे असे समजावे. प्रत्येक नोड दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवीत असेल तर दिवसाला प्रत्येकाच्या ९६ नोंदी होतात. पायथ्याचा नोड तेवढेच संदेश पाठवितो, आणि मोरीजवळच्या नोडच्या रेडिओतून ९६० संदेश बाहेर पडतात. नाल्याचे पाणी आणि माळेतील माहिती या दोहोंची रचना येथे एकच होते, दोन्ही अनेक वाटांनी येऊन एका अरुंद तोंडाशी दाटतात. यातून निर्माण होणारी अडचण केवळ तांत्रिक नाही, कारण ज्या मोरीतील पातळी कळणे सर्वांत महत्त्वाचे, त्याच मोरीतील नोड सर्वांत लवकर थकण्याची व्यवस्था अजाणता होऊन बसते.

तथापि संदेश मोजणे म्हणजे भार मोजणे नव्हे, आणि या ठिकाणी पाठ्यपुस्तकी मांडणी बरेचदा घाई करते. या क्षेत्रात दीर्घकाळ वापरात असलेल्या सीसी२४२० या रेडिओचे उदाहरण घेतले तर तो पूर्ण शक्तीने बोलताना १७.४ मिलिअँपिअर आणि नुसता ऐकत असताना १८.८ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे बोलण्यापेक्षा ऐकणे महाग आहे. पन्नास बाइटांचा संदेश सेकंदाला अडीच लाख बिटांच्या वेगाने पाठवायला दीड मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, तेव्हा ९६० संदेशांचे दिवसभराचे प्रत्यक्ष बोलणे दीड सेकंदात आटोपते. उलट रेडिओ सतत जागा ठेवला तर २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी साडेपाच दिवसांत संपते. म्हणून नोड बहुतेक वेळ झोपतो आणि ठरावीक अंतराने क्षणभर उठून कोणी हाक मारीत आहे काय ते पाहतो. शंभरातील एक भाग जागा राहिला तरी दिवसाला ८६४ सेकंदांचे ऐकणे होते आणि तीच बॅटरी दीड वर्ष पुरते.

झोपेचा हा हिशेब भाराचे चित्र बदलून टाकतो. ज्याला संदेश द्यायचा तो शेजारी झोपलेला असेल तर देणाऱ्याला तो उठेपर्यंत हाका मारीत राहावे लागते. शेजारी दर अर्ध्या सेकंदाला उठत असेल तर ही प्रतीक्षा सरासरीने पाव सेकंदाची होते. गेटवे विजेवर चालत असल्यामुळे तो कधीच झोपत नाही, म्हणून त्याच्या लगतच्या नोडला प्रतीक्षा करावी लागत नाही आणि सर्वांत जास्त ओझे त्याच्या मागच्या, म्हणजे दुसऱ्या नोडवर येते. त्याचे दिवसाचे ८६४ संदेश होतात (हा आकडा वरच्या सेकंदांशी जुळणे निव्वळ योगायोग), आणि त्यांच्या प्रतीक्षेला २१६ सेकंद लागतात. पायथ्याच्या नोडला २४ सेकंद पुरतात. इतरांकडून संदेश घेण्याचा किरकोळ वेळ सोडून दिला तर दुसरा नोड दिवसात १,०८० सेकंद जागा असतो आणि पायथ्याचा नोड ८८८ सेकंद. नऊपट संदेश वाहूनही दुसऱ्या नोडची दमछाक एक-पंचमांशानेच जास्त! कोरड्या महिन्यांत भार तोलण्याचा अट्टाहास करणारी यंत्रणा त्यामुळे पुष्कळदा तोलण्यासाठी लागणाऱ्या निरोपांतच बॅटरी खर्ची घालते.

पावसाळ्यात मात्र सारे पालटते. पातळी चढू लागताच नोंद पंधरा मिनिटांऐवजी दर मिनिटाला यावी असे ठरविले, तर प्रतीक्षेचे सेकंद पंधरा पटींनी वाढतात, आणि दुसऱ्या नोडचा जागेपणा ४,१०४ सेकंदांवर जातो, तर पायथ्याचा नोड १,२२४ सेकंदांवर थांबतो. एक-पंचमांशाचा फरक सव्वातीन पटींवर येतो. तोल हवा तो या काही दिवसांसाठी, आणि ज्या पद्धतीची परीक्षा एप्रिलमध्ये झाली तिच्यावर जुलैत विसंबणे धोक्याचे आहे.

भार वाटण्याच्या पद्धतींपैकी सर्वाधिक गाजलेली पद्धत ‘लीच’ या नावाने २००० साली वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी मांडली. या पद्धतीत नोडांचे गट पडतात, प्रत्येक गटाचा एक प्रमुख असतो, तो गटातील नोंदी एकत्र करून थेट मुख्य केंद्राला पाठवितो, आणि हे प्रमुखपद फेऱ्याफेऱ्यांनी सर्वांकडे फिरते, जेणेकरून एकाच नोडची बॅटरी कायम झिजू नये. कल्पना सुंदर आहे, परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे: कोणताही नोड वेळ पडल्यास केंद्रापर्यंत स्वबळावर पोहोचू शकतो. माळेच्या टोकाला, केळीच्या ओल्या पानांआड किंवा मोरीच्या कमानीखाली बसलेल्या नोडला ते साधत नाही. प्रमुखपद फिरवता येते; नाल्याची मोरी फिरवता येत नाही.

दुसरी वाट मार्गनिवडीची. नोडला पुढे दोन-तीन शेजारी उपलब्ध असतील तर त्याने कोणाच्या हाती संदेश द्यावा, हे सहसा ‘एक संदेश सुखरूप पोहोचायला सरासरी किती वेळा पाठवावा लागतो’ या मापाने ठरते. हे माप ईटीएक्स या नावाने ओळखले जाते, आणि अशा जाळ्यांसाठी मार्च २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या आरपीएल या मार्गनियमात ते सर्रास वापरता येते. अडचण अशी की हे माप दुव्याचा चांगुलपणा पाहते, दुव्यापलीकडच्या नोडची दमछाक पाहत नाही; जो शेजारी उत्तम ऐकतो त्याच्याच गळ्यात सर्वांचे ओझे पडते. यावर उपाय म्हणून शेजाऱ्याची उरलेली बॅटरीही हिशेबात घेतली, तर वेगळाच गोंधळ होतो. ‘अ’ थकला म्हणून सगळे एकदम ‘ब’कडे वळतात, थोड्याच वेळात ‘ब’ थकलेला दिसतो आणि सगळे पुन्हा ‘अ’कडे येतात, दर वेळी वाट बदलल्याची वर्दी जाळ्यात फिरते आणि वाचविलेली ऊर्जा त्या वर्दीत जाते. म्हणून नवी वाट जुनीपेक्षा ठरावीक फरकाने चांगली असल्याखेरीज बदल करू नये असा चिवटपणा नियमात मुद्दाम घातलेला असतो. पूर्ण समतोल साधण्यापेक्षा थोडा असमतोल स्थिर राहू देणे येथे शहाणपणाचे ठरते.

वसईच्या माळेला खरा दिलासा मिळतो तो वाटण्यातून नव्हे, बांधण्यातून. ज्या रेडिओ-मानकावर हे नोड चालतात त्यातील एका पॅकेटमध्ये, म्हणजे माहितीच्या एका गाठोड्यात, १२७ बाइट मावतात, आणि पाण्याच्या एका नोंदीला नोडचा क्रमांक, वेळ व पातळी धरून सहा बाइट पुरतात. दहा नोंदींचे साठ बाइट होतात. पायथ्याच्या नोडने आपली नोंद पाठवावी, पुढच्याने ती आल्यावर तिच्यामागे आपली जोडून एकच पॅकेट पुढे करावे, असे करीत गेल्यास एका फेरीत प्रत्येक नोड एकच पॅकेट पाठवितो, पायथ्याचा आणि मोरीजवळचा यांच्या संदेशसंख्येत फरकच उरत नाही, आणि वरच्या हिशेबातील ४,१०४ सेकंदांची जागा पुन्हा १,२२४ सेकंद घेतात. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. प्रत्येकाला मागच्याची वाट पाहावी लागत असल्याने नोंद काही सेकंद उशिरा पोहोचते, जे पाण्याच्या बाबतीत सहज सोसवते. आणि शेवटच्या टप्प्यावर एक पॅकेट हरवले तर दहाही नोंदी एकदम जातात, जे तितके सहज सोसवत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर पोच घेणे आणि ती न मिळाल्यास पुन्हा पाठविणे अपरिहार्य होते. सर्व नोंदींऐवजी फक्त सर्वांत उंच पातळी पुढे पाठविण्याचा मोह येथे टाळलेला बरा. कोणत्या मोरीच्या अलीकडे पाणी चढले आणि पलीकडे उतरले हा फरकच तुंबलेली जागा दाखवितो, आणि एका कमाल आकड्यात तो पुसला जातो.

या साऱ्या टप्प्यांना फाटा देणारी रचनाही आता उपलब्ध आहे. भारतात परवान्यावाचून वापरता येणाऱ्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा लोरा हा रेडिओ अडथळा नसेल तर कित्येक किलोमीटर पोहोचतो. विरारच्या जीवदानी डोंगरासारख्या उंच जागी त्याचा गेटवे ठेवला तर सखल भागातील पुष्कळ नोड कोणाच्याही मध्यस्थीशिवाय थेट त्याच्याशी बोलू शकतील. इतरांचे ओझे वाहण्याचा प्रश्नच मिटला असे वाटते, पण भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. लोरामध्ये दूरच्या किंवा आडोशाच्या नोडला स्पष्ट ऐकू जावे म्हणून सावकाश बोलावे लागते, आणि सर्वांत सावकाश वेगाला तोच संदेश सर्वांत जलद वेगाच्या वीस-पंचवीस पट वेळ हवेत ठेवावा लागतो. माळेत गेटवेजवळचा नोड मरतो, येथे दूरचा. शिवाय प्रत्येक जण आपापल्या मर्जीने बोलत असल्याने संदेश एकमेकांवर आदळतात. हवाई बेटांवरील ‘अलोहा’ या जुन्या रेडिओ-जाळ्यापासून ज्ञात असलेल्या गणिताप्रमाणे अशा बेशिस्त बोलण्यात माध्यमाचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. मुसळधार पावसात सगळे नोड एकाच मिनिटाला बोलू लागले की ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. तेव्हा नाल्याच्या प्रत्येक माळेला आपली गाठोडी बांधू द्यावी आणि माळेच्या तोंडाशी असलेल्या एकाच नोडने डोंगरावरील गेटवेशी बोलावे, ही मिश्र रचना या प्रदेशाला अधिक मानवेल.

गेटवे कोठे ठेवावा हा प्रश्न मार्गनिवडीच्या कोणत्याही चतुराईपेक्षा मोठा आहे. वरच्याच दहा नोडांच्या माळेत तो टोकाऐवजी मधोमध ठेवला, तर दोन्ही बाजूंच्या लगतच्या नोडांवर दहाऐवजी पाचच नोडांचा भार येतो. एका खांबाची जागा बदलल्याने जे मिळते ते मिळविण्यासाठी एरवी मोठी आज्ञावली लिहावी लागते. परंतु गेटवेला वीज हवी आणि पुढे जाणारी जोडणीही हवी. पालघर तालुक्यातील खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या तरंगपट्ट्यातून ग्रामीण इंटरनेट पोहोचविण्याचा जो प्रयोग केला, तो या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण कमी कंपनसंख्येचे ते तरंग झाडीतून अधिक चांगले पार होतात आणि डोंगरपायथ्याच्या पाड्यांपर्यंत गेटवे नेण्याची शक्यता त्यातून दिसते.

उरतो तो खरेदीचा प्रश्न, जो तांत्रिक निबंधांत सहसा येत नाही. सार्वजनिक संस्थेची निविदा एकाच नमुन्याचे शंभर संच मागते, कारण एकसारखी वस्तू तपासायला, मोजायला आणि दुरुस्त करायला सोपी असते. भार मात्र एकसारखा नसतो. माळेच्या तोंडाजवळच्या दोन-तीन नोडना दुप्पट बॅटरी आणि शेजारी एक राखीव नोड दिला, तर पायथ्याच्या नोडना लहान बॅटरीवर भागवता येते आणि एकूण खर्च फारसा वाढत नाही. सौरपट्टीवर भिस्त ठेवताना हेही ध्यानात घ्यावे लागते की ज्या आठवड्यात नोंदी पंधरापट होतात त्याच आठवड्यात आभाळ दाटलेले असते, म्हणून बॅटरीची क्षमता सूर्याविना निघणाऱ्या पावसाळी दिवसांच्या हिशेबाने ठरवावी. उधाणाच्या भरतीला मोरीतील नोड स्वतःच बुडू शकतो. त्याची रेडिओ-शलाका (अँटेना) पुराच्या ज्ञात रेषेच्या वर, भरावाच्या कठड्यावर नेणे आणि तो गप्प झाल्यास मागच्या नोडला मोरीपलीकडच्या नोडशी थेट बोलता येईल इतके अंतर आधीच राखणे, ही कामे उन्हाळ्यातच करावी लागतात. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते तेव्हा गाळ काढणारी माणसे प्रत्येक मोरीपर्यंत एकदा तरी जातातच. त्याच फेरीत प्रत्येक नोडची उरलेली बॅटरी नोंदवून घेतली, आणि जेथे सर्व बॅटऱ्या एकसारख्याच आहेत तेथे तोंडाजवळच्या निम्म्या झिजलेल्या बॅटऱ्या पायथ्याकडे आणि पायथ्याच्या भरलेल्या बॅटऱ्या तोंडाकडे बसविल्या, तर वर्षभराचा असमतोल एका दिवसात आणि कोणत्याही आज्ञावलीवाचून भरून निघतो.